दोन हजार प्रयोगांचा हिशेब

१९३६ च्या जून महिन्यात टोकियोच्या काबुकी-झा नाट्यगृहात जपानी गायिका तामाकी मिउरा यांनी पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या ऑपेराचा आपला दोन हजारावा प्रयोग केला, असं त्यांच्याबद्दलच्या बहुतेक लेखांत छापलेलं असतं. आकडा गोल आहे. नाटक कंपन्यांच्या जाहिराती वाचण्याची सवय असलेला मराठी माणूस अशा आकड्यापाशी आपसूक थबकतो.

हिशेब साधा आहे. या ऑपेरातली त्यांची पहिली भूमिका लंडनची, ३१ मे १९१५ ची. तिथून जून १९३६ पर्यंत एकवीस वर्षं होतात. म्हणजे वर्षाला सरासरी पंचाण्णव प्रयोग, दर चौथ्या दिवशी एक. त्यातच पहिल्या महायुद्धाची वर्षं आली, अटलांटिक आणि पॅसिफिकवरचे कित्येक आठवड्यांचे बोटप्रवास आले, दुसऱ्या ऑपेरांतल्या भूमिका आणि नुसत्या गाण्याच्या मैफलीही आल्या. फिरत्या कंपनीत आठवड्याला दोनदा तीच भूमिका करावी लागत असे हे धरलं, तरी इतके प्रयोग बसवताना दमछाक होते. प्रयोग शेकड्यांनी झाले, यात शंका नाही. दोन हजार हा आकडा मी मात्र जाहिरातीतला म्हणूनच बाजूला ठेवतो आणि कागदाला कागद लावून काय उभं राहतं ते पाहतो.

तामाकीबाईंचा जन्म २२ फेब्रुवारी १८८४ चा, टोकियोतला. माहेरचं आडनाव शिबाता. उएनो भागातल्या सरकारी संगीतशाळेत त्या शिकायला जात, त्या सायकलवरून. टोकियोच्या रस्त्यावर सायकल चालवणारी मुलगी ही तेव्हा वर्तमानपत्रात छापून येण्याजोगी गोष्ट होती आणि ती छापूनही आली. गाण्याआधी त्यांचं नाव झालं ते असं. वर्तमानपत्रांची ही चौकस नजर पुढं जन्मभर त्यांच्या मागं राहिली.

त्या शाळेत त्यांना शिकवणाऱ्यांत नोबू कोदा होत्या. जपान सरकारनं १८८९ मध्ये या बाईंना संगीत शिकायला परदेशी पाठवलं. आधी बोस्टन, मग व्हिएन्ना. जहाजबांधणी आणि तोफा शिकायला माणसं पाठवावीत तसं व्हायोलिन शिकायला एका तरुण मुलीला सरकारी खर्चानं धाडणारं ते सरकार होतं. जपानकडून कसब शिकावं ही ओढ आपल्याकडंही होतीच. आमच्या आंबीहून इंद्रायणीचा पूल ओलांडला की तळेगाव. तिथं १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचकामासाठी आधी जपानला आणि मग अमेरिकेला जाऊन शिकून आले होते. कारखाना उभा करणारा पैसा लोकवर्गणीचा होता. गाण्याचंही आपल्याकडं तसंच. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेही लोकांच्या आधारावर, आणि तिथं शिकवायचं होतं ते आपलंच गाणं. टोकियोच्या शाळेत मुली ग्लुक आणि शुबर्ट शिकत होत्या.

२३ जुलै १९०३ ला त्या शाळेच्या सभागृहात ग्लुकचा ‘ऑर्फेओ’ झाला. जपानी कलावंतांनी जपानमध्ये केलेला हा पहिला ऑपेरा मानतात. वाद्यवृंदाच्या जागी पियानो होता आणि तो वाजवायला राफाएल फॉन कोएबर बसले होते. ते विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत. युरिडिसीच्या भूमिकेत एकोणीस वर्षांच्या तामाकीबाई होत्या. या प्रयोगाचं छायाचित्र उरलं आहे. ज्या सभागृहात हे गाणं झालं ती लाकडी इमारतही उरली आहे. उएनोच्या बागेत दुसऱ्या जागी हलवून जपलेली.

हे सगळं मुद्दाम सांगतो आहे. तामाकीबाईंची कहाणी नेहमी लंडनपासून सुरू करतात आणि मग ती ‘खरीखुरी जपानी बटरफ्लाय मिळाली’ अशी नवलाची गोष्ट होऊन बसते. लंडनला बटरफ्लाय झाल्या तेव्हा त्या एकतीस वर्षांच्या होत्या. त्याआधी अकरा-बारा वर्षं त्या पाश्चात्त्य गाणं गात होत्या, शिकवतही होत्या. पुढं जपानचे मोठे संगीतकार झालेले कोसाकू यामादा त्यांच्या हाताखाली शिकले. मधल्या काळात एका लष्करी डॉक्टराशी झालेलं लग्न १९०९ मध्ये मोडलं. घटस्फोट, त्यात गाणारी बाई, त्यात सरकारी शाळेतली मास्तरीण. वर्तमानपत्रांनी काय केलं असेल हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

यानंतर तारखांचा एक योगायोग येतो. १ मार्च १९११ ला टोकियोत इम्पीरियल थिएटर उघडलं आणि तामाकीबाई तिथल्या ऑपेरा विभागाच्या पहिल्या गायिका झाल्या. त्याच महिन्यात, १२ मार्चला, मुंबईच्या रिपन थिएटरात खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. भामिनी होते बालगंधर्व. जपानमध्येही काबुकीतल्या बायका पुरुषच करत आले होते आणि त्यांचाही रसिकांवर बालगंधर्वांसारखाच पगडा होता. तिथं बाईनं बाईची भूमिका गाऊन करायला परक्या देशातून आणलेला नाट्यप्रकार उपयोगी पडला. तो नवा होता, म्हणून त्यातल्या भूमिकांवर कुणा पुरुषाचा वारसाहक्क नव्हता. आपल्याकडं संगीत नाटक लोकांच्या अंगात इतकं मुरलं होतं, आणि बालगंधर्वांचं गाणं इतकं मोठं होतं, की बाईला तिथं शिरायला फट मिळणं कठीण. केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्या आपल्याकडं होत्या, हे खरं. पण प्रतिष्ठित कंपन्यांच्या रंगमंचापासून त्या चार हात दूरच राहिल्या.

इम्पीरियल थिएटरात सगळं गोड झालं असं नाही. फेब्रुवारी १९१२ मध्ये ‘युया’ नावाच्या जुन्या नोह नाटकावर बेतलेला ऑपेरा केला, तेव्हा प्रेक्षक हसले. जपानी शब्द, जपानी वेश आणि गळ्यातून निघणारा सूर युरोपचा, हे त्यांना झेपलं नाही. ज्या बाईला पुढं युरोप-अमेरिकेनं जपानी म्हणून डोक्यावर घेतलं, तिला जपानी वेशात गाताना तिच्याच गावात हसले होते.

१९१३ मध्ये तामाकीबाईंनी मासातारो मिउरा या डॉक्टराशी लग्न केलं आणि १९१४ मध्ये दोघं जर्मनीला गेली, पुढचं शिकायला. ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं, जपान जर्मनीविरुद्ध उभा राहिला. बर्लिनमधून निघून दोघांनी लंडन गाठलं. तिथं व्लादिमीर रोझिंग या रशियन गायकानं किंग्जवेवरच्या लंडन ऑपेरा हाउसमध्ये १९१५ च्या मे-जूनमध्ये ऑपेरांचा हंगाम भरवला आणि ‘बटरफ्लाय’च्या नायिकेची, चो-चो-सानची, भूमिका तामाकीबाईंना दिली. ‘बटरफ्लाय’ मिलानमध्ये १७ फेब्रुवारी १९०४ ला पहिल्यांदा लागला आणि पार आपटला. दुरुस्त करून त्याच वर्षी मेमध्ये ब्रेशियाला केला तेव्हा उचलला गेला. त्यानंतर अकरा वर्षं युरोपच्या गायिकांनी किमोनो नेसून ही भूमिका केली होती. जपानी गायिका या भूमिकेत पहिल्यांदाच उभी राहत होती.

त्या रात्रीची एक गोष्ट सगळीकडं येते: तामाकीबाईंच्या पहिल्या प्रयोगाच्या रात्रीच लंडनवर झेपेलिनचा हल्ला झाला. इतकं नाट्यमय काही वाचलं की आधी खोटंच वाटतं. इथं मात्र तारीख जुळते. लंडनवरचा पहिला झेपेलिन हल्ला ३१ मे १९१५ च्याच रात्रीचा आहे. पण बॉम्ब पडायला लागले ते रात्री अकरानंतर, शहराच्या ईशान्येला स्टोक न्यूइंग्टनकडून पुढं पूर्वेच्या वस्तीत. माणसं सात गेली. नाट्यगृह तिथून काही मैल पश्चिमेला. तेव्हा ‘बॉम्बच्या वर्षावात गाणारी बटरफ्लाय’ हे चित्र सोडून द्यावं आणि तारीख तेवढी ठेवावी.

त्याच वर्षाच्या शरदात त्या अमेरिकेत गेल्या. मॅक्स रॅबिनॉफच्या बोस्टन ग्रँड ऑपेरा कंपनीबरोबर फिरल्या. त्या दौऱ्यात अ‍ॅना पाव्हलोव्हाचा नृत्यसंघही होता. पुढं शिकागोची कंपनी झाली, गावोगाव फिरणारी सॅन कार्लो कंपनी झाली. भूमिकांची यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पुच्चिनीची चो-चो-सान. मास्काग्नीची इरिस, ती जपानी मुलगी. मेसाजेची मादाम क्रिझान्तेम, तीही जपानी. १९२५ मध्ये आल्दो फ्रांकेत्ती यांनी त्यांच्यासाठीच ‘नामिको-सान’ हा ऑपेरा लिहिला आणि शिकागोत तो लागला. नायिका अर्थात जपानी. टोकियोत शिकताना युरिडिसी गायलेल्या बाईला परदेशात नाव मिळालं ते सगळं किमोनोतल्या भूमिकांवर. त्यांना त्याचा राग होता की त्यांनी ते हुशारीनं वापरून घेतलं, यावर मी पैज लावणार नाही. चरितार्थ मात्र त्यावर चालला आणि उत्तम चालला.

आवाजाचा पुरावा कानांनी तपासता येतो. १९१७ मध्ये कोलंबिया कंपनीनं त्यांच्या बटरफ्लायमधल्या प्रसिद्ध गाण्याची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायिकेनं पत्र्याच्या कर्ण्यात तोंड धरून गायचं, चढ्या सुराला जरा मागं सरकायचं आणि तबकडीची एक बाजू संपायच्या आत, चारेक मिनिटांत, गाणं उरकायचं. आवाज बारीक आहे, स्वच्छ आहे. वरच्या सुरांत मोठा दाब नाही. अमेरिकन समीक्षकही तेव्हा हेच म्हणत होते, की आवाज लहान, पण भूमिका बघत राहावी अशी. मला ध्वनिमुद्रिकेत आवडते ती शब्द सोडण्याची तऱ्हा. आपल्याकडच्या जुन्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना वेळेची ही कसरत ओळखीची वाटेल.

१९२० मध्ये रोममध्ये त्या गायल्या तेव्हा पुच्चिनी भेटले, त्यांनी कौतुक केलं आणि आपल्या तोर्रे देल लागोच्या घरी बोलावलं, हे बाईंच्या आठवणींत आहे. या आठवणी त्यांनी सांगितल्या आणि दुसऱ्यानं उतरून घेतल्या. पुस्तक १९४७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. भेट झाली यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. कौतुकाचे नेमके शब्द मात्र पंचवीस-सव्वीस वर्षांनी जसे आठवले तसे आहेत, आणि ते ऐकवणारी कलावंत बाई आहे. मग माणूस हातचं थोडं राखून वाचतो. आज नागासाकीच्या ग्लोव्हर बागेत तामाकीबाईंचा पुतळा आहे आणि पुच्चिनींचाही.

पती मासातारो १९२९ मध्ये जपानात वारले तेव्हा बाई परदेशी होत्या. टोकियोच्या वर्तमानपत्रांनी त्यावरूनही सुनावलं.

१९२९ हेच साल आपल्या कहाणीतही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी हिराबाई बडोदेकरांनी ‘नूतन संगीत विद्यालया’ची नाट्यशाखा काढली. मिरजेला १९०५ मध्ये जन्मलेल्या, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या मुलीनं बहिणींना घेऊन संगीत नाटकं केली, ती स्त्री-पुरुषांनी मिळून. टोकियोनंतर अठरा वर्षांनी. बोलपट आला, कर्ज झालं, काही वर्षांत शाखा बंद पडली. हिराबाई मैफलीकडं वळल्या आणि तिकीट लावलेल्या मैफलीत बाईनं सन्मानानं बसून गावं ही रीत त्यांच्यामुळं रुजली. पद्मभूषण १९७० चं. त्या कर्ज फेडत होत्या त्या वर्षांत तामाकीबाई जपानला कायमच्या परतल्या आणि तो गोल आकड्याचा सोहळा झाला.

दुसऱ्या महायुद्धात तामाकीबाई यामानाका तळ्याकाठी जाऊन राहिल्या. २६ मे १९४६ ला टोकियोत वारल्या, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. शेवटच्या महिन्यांत, आजारी असताना, त्या गात होत्या ती शुबर्टची गाणी. संगीतशाळेतल्या त्या मुलीची गायिका म्हणून ओळख मला या दोन टोकांवर, १९०३ च्या ग्लुकमध्ये आणि १९४६ च्या शुबर्टमध्ये, अधिक खरी दिसते. मधली बटरफ्लाय त्यांनी केली, खूप वेळा केली, दोन हजार वेळा बहुधा नाही.

हे सगळं ताडून पाहता आलं ते टोकियोच्या त्या शाळेनं आपले कार्यक्रम आणि छायाचित्रं जपली म्हणून. नाटकाची हस्तपत्रकं आपल्याकडं पातळ रंगीत कागदावर छापत आणि दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधत. मावळातल्या, तळेगाव-लोणावळ्याच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर एखाद्या ट्रंकेत १९२० ते ४० च्या दरम्यानची पत्रकं, तिकिटं, तबकड्यांची कव्हरं असतील, आणि त्यांवर गाणाऱ्या बाईचं नाव असेल, तर ती रद्दीत घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. तिथं नेऊन दाखवा.