कौल, इस्तावा आणि कारखाना : किर्लोस्करवाडीच्या स्थापनेसंबंधी

ओसाड भूमीवर वसाहत करावयाची तर राज्यकर्त्याने येणाऱ्यास काही द्यावे लागते, ही समजूत महाराष्ट्रात जुनी आहे. मराठी दफ्तरांत या देण्यास ‘कौल’ हे नाव आढळते. शब्द मूळचा अरबी. अर्थ वचन, उच्चारलेला बोल. नव्या पेठेत येऊन दुकान मांडणाऱ्यास, अथवा पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास, अमुक वर्षे जकात वा सारा माफ राहील, असा कौलनामा लिहून दिला जाई. त्याच्या जोडीचा शब्द ‘इस्तावा’ : पहिल्या वर्षी नाममात्र, पुढे दरसाल थोडा थोडा चढत जाऊन ठरावीक मुदतीअखेर पूर्ण दरास पोचणारा सारा. देवळात लावला जाणारा कौल आणि निवडणुकीत मतदारांनी दिलेला कौल हे दोन्ही याच शब्दाचे वंशज असावेत. घराच्या कौलांशी मात्र त्यांचे नाते नाही.

या पार्श्वभूमीवर किर्लोस्करवाडीची हकीकत पाहिली म्हणजे तिच्यातील नवेपण कोणते व जुनेपण कोणते, हे नीट ध्यानात येते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा कारखाना प्रथम बेळगावास होता. १८८८ मध्ये सायकलींच्या व्यापारापासून आरंभ करून ते कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर यांच्याकडे वळले होते. उद्योग नुकताच मूळ धरीत असता शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने ती मोकळी करण्यास सांगितले. नगरपालिकेचा हेतू वाईट होता असे म्हणण्यास आधार नाही. नवी वस्ती वसविणे हे तिचे कामच होते. परंतु लोखंडाचा कारखाना हीदेखील शहराची मत्ता असू शकते, हा विचार त्या काळच्या नगरव्यवस्थेच्या कक्षेत नव्हता.

नेमक्या याच सुमारास लक्ष्मणराव औंध येथे दरबारचे एक बांधकाम करीत होते. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या कानी ही अडचण गेली. त्यांनी संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन खडकाळ, निवडुंगाने भरलेली. मार्च १९१० मध्ये तेथे कारखाना व वसाहत यांस प्रारंभ झाला.

ही गोष्ट सामान्यतः राजाच्या औदार्याची म्हणून सांगितली जाते. औदार्य होतेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. जी जमीन दिली तिच्यापासून दरबारास फारसे उत्पन्न नव्हते, म्हणजे देणाऱ्याचा त्याग अल्प होता. दहा हजार रुपये ही रक्कम त्या काळी लहान नव्हे, तथापि ती बक्षीस नव्हती, परत करावयाची होती. खरे मोल दोन गोष्टींचे होते. पहिली म्हणजे शेजारून जाणारा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचा लोहमार्ग. कच्चे लोखंड आणि कोळसा आणावयाचा, तयार नांगर दूरवर पाठवावयाचे, तर स्थानकाशिवाय ३२ काय, ३०० एकर जमीनही निरुपयोगी ठरली असती. दुसरी गोष्ट निर्णयाच्या अधिकाराची. बेळगावात जागा एका संस्थेच्या हाती, भांडवल दुसऱ्याच्या, नियम तिसऱ्याचे. सुमारे ५०० चौरस मैलांच्या, तुकड्यातुकड्यांनी पसरलेल्या औंध संस्थानात या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या शब्दावर अवलंबून होत्या. शिवाय केवळ कारखान्यास नव्हे, तर घरे, रस्ते, पाणी यांसह संपूर्ण गाव उभारण्यास मोकळीक मिळाली. नांगराच्या कारखानदाराला दिलेली ही मुभा पेठ वसविणाऱ्या जुन्या शेट्याला मिळालेल्या अधिकाराशी अधिक जुळते.

पुढे कराडजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ मध्ये निघाला, तोही औंधच्याच हद्दीत. यावरून दरबारचे हे धोरण एका व्यक्तीवरील मेहेरनजरेपुरते नव्हते, असे मानावयास जागा आहे. बाळासाहेबांचे नाव सूर्यनमस्कार, चित्रकला आणि १९३९ची राज्यघटना यांच्याशी जोडले जाते. त्या मालिकेत हे बिनव्याजी कर्ज सहसा बसविले जात नाही, ही उणीव आहे.

संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली आणि असा शब्द देणारा कोणी उरला नाही. महाराष्ट्र राज्याने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापिले आणि १९६४ पासून मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखान्यांसाठी प्रोत्साहनांची सामूहिक योजना लागू केली. तालुक्यांची प्रतवारी करून मागासपणाच्या प्रमाणात लाभ देण्याची पद्धत पुढे रूढ झाली. येथे ‘कौल’ जाऊन ‘सवलत’ आली. हाही शब्द अरबीतूनच आलेला, पण त्याचा अर्थ सुलभता, सोपेपणा. कौलात दोन पक्ष असतात : एक वचन देतो, दुसरा वसण्याचे पत्करतो. सवलतीत घेणारा दिसतो, बांधिलकी दिसत नाही. ती शासननिर्णयाच्या अटींत शोधावी लागते.

फरक केवळ शब्दांचा नाही. इस्ताव्यातील सारा पायरीपायरीने चढत असे, त्यामुळे मुदत संपण्याचा असा एक दिवस नसे की ज्या दिवशी उठून दुसरीकडे जाणे एकाएकी फायद्याचे ठरावे. करमाफी ठरावीक मुदतीपर्यंत पूर्ण आणि त्यानंतर शून्य अशी दिली, तर तोच दिवस सर्वांत धोक्याचा होतो. १९६४ नंतर ही योजना अनेकदा सुधारण्यात आली. लाभांचे प्रमाण व मुदत यांवर भर राहिला, चढाच्या रीतीचा विचार त्या मानाने मागे पडला. महसुली दफ्तरांच्या अभ्यासकांना ठाऊक असलेली ही युक्ती उद्योगखात्याच्या धोरणकर्त्यांपर्यंत पोचली असती, तर बंद पडलेल्या गाळ्यांच्या काही वसाहती कदाचित वेगळ्या दिसल्या असत्या.

औंधने दिलेल्या जमिनीवरील कारखाना मात्र संस्थान गेल्यावरही तेथेच राहिला. सांगली जिल्ह्यातील त्या स्थानकाचे कुंडल रोड हे नाव मागे पडून आज त्याच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.