आडनाव नसलेली सभा

दारूविषयी आपल्या चळवळीत बोलले गेले नाही, असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना दारूच्या दुकानांना परवाने देण्याला विरोध केला. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला स्त्रियांना सांगितले की, दारू पिणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका. १९५६ च्या धम्मदीक्षेतील बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दिशा आपल्याला मिळालेली आहे. पण प्रतिज्ञा घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, गुत्ता उघडा असताना, कुणाजवळ जाऊन बसतो? वस्तीत शिक्षक म्हणून काम करताना हा प्रश्न मला टाळता आला नाही.

त्याचे एक उत्तर अमेरिकेच्या इतिहासात आहे. गुलामांना मुक्त करणाऱ्या ज्या अमेरिकन लोकांना फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली, त्यांच्याच देशात. १८४० साली बाल्टिमोर शहरात सहा दारुडे गुत्त्यातच एकत्र आले आणि त्यांनी दारू सोडण्याचे ठरविले. उपदेशकाला न बोलावता पिणाऱ्यानेच पिणाऱ्याला आपली हकीकत सांगायची, ही त्यांची रीत. 'वॉशिंग्टनियन' नावाची ही चळवळ झपाट्याने पसरली आणि काही वर्षांत ओसरलीही.

त्याच काळात गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस दारूविरुद्ध बोलत होता. १८४५ च्या आत्मकथनात त्याने लिहून ठेवले की, नाताळच्या सुटीत मालक गुलामांना मुद्दाम भरपूर दारू पाजत. स्वातंत्र्य म्हणजे हीच घाण, असे त्यांना वाटावे म्हणून. दारू ही गुलामगिरीची व्यवस्था होती, हे त्याने ओळखले. पण दारूबंदीवाल्यांची व्यवस्था तरी निराळी होती काय? १ ऑगस्ट १८४२ रोजी फिलाडेल्फियात काळ्या लोकांनी दारूमुक्तीची मिरवणूक काढली. गोऱ्या जमावाने ती मोडली, त्यांचे सभागृह आणि चर्च जाळले. १८४६ साली लंडनच्या जागतिक दारूबंदी परिषदेत डग्लसने हे सर्व भरसभेत सांगितले, तेव्हा अमेरिकन प्रतिनिधींना राग आला. काळ्याने दारू प्यालेली चालत होती. दारू सोडून ताठ मानेने रस्त्यावरून चाललेले खपत नव्हते. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पुढे १९३५ साली बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा दलाल ॲक्रन शहरात धंद्यात हरून हॉटेलात उभा होता. नुकतीच सुटलेली दारू पुन्हा खुणावत होती. त्याने पाद्र्यांना फोन करून एकच मागणी केली : मला दुसरा दारुडा भेटवा. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ भेटला आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे ए.ए., सुरू झाली. तेथेही अनेक ठिकाणी गोऱ्यांच्या गटांत काळ्यांना जागा नव्हती. १९४५ साली एका काळ्या डॉक्टरने वॉशिंग्टनमध्ये काळ्यांचा गट उभा केला. १९४६ साली या संघटनेने आपल्या परंपरा छापल्या. सभासद होण्यास एकच अट : दारू सोडण्याची इच्छा. अट लिहिली गेली म्हणून दार आपोआप उघडले नाही. ते काळ्यांना आत जाऊन उघडावे लागले.

१९५७ साली ए.ए. मुंबईत आली. आज महाराष्ट्रात अनेक गावांत तिच्या सभा भरतात. सभेचा पत्ता हेल्पलाइनवर किंवा व्यसनमुक्ती केंद्रात मिळतो. 'खुल्या' सभेला कुणीही जाऊ शकतो, 'बंद' सभा फक्त पिणाऱ्यांसाठी. फी नाही, नोंदवही नाही. घरच्यांसाठी १९५१ पासून 'अल-अनॉन' ही वेगळी संघटना आहे. तिची गरज आपल्या बायाबापड्यांना अधिक आहे.

वस्तीतल्या एका दादांबरोबर मी खुल्या सभांना जातो. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, पंधरा-वीस माणसे. तेथे माणूस फक्त पहिले नाव सांगतो. अमेरिकेत ही प्रथा अब्रू झाकण्यासाठी पडली. आपल्याकडे ती आणखी एक काम करते : आडनाव गेले की जात विचारण्याचा पहिला दरवाजा बंद होतो. आयुष्यभर आडनावाने ओळखले गेलेले दादा तेथे नुसते नावाने बोलले आणि शेजारच्याने त्यांना चहा दिला. तरीही मी भाबडा नाही. बोली, पेहराव, वस्तीचे नाव जात सांगतातच. आणि सभेनंतर कोण कोणाच्या गाडीवर बसून जातो, हेही मी पाहतो.

देवाचाही प्रश्न आहे. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, आणि आपण तो नाकारलेला आहे. 'आम्हाला जसा समजला तसा' हे शब्द त्यांतल्याच नास्तिकांच्या आग्रहाने आले. दादा प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहतात आणि संघालाच आपले बळ मानतात. कुणी हरकत घेतलेली नाही. चुका संघासमोर कबूल करणे भिक्खूंच्या उपोसथापासून आपल्या ओळखीचे आहे.

माझे मागणे साधे आहे. आपल्या विहारांतील, समाजमंदिरांतील एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ या सभेला द्यावी. भाडे ते स्वतःच देतात, देणगी घेत नाहीत. म्हणून आपण तेथे फलक लावू नये, भाषण करू नये. दार तेवढे उघडे ठेवावे, आणि गुत्त्यापेक्षा ते जवळ असावे.