निरोपाची दुसरी वाट

पावसाळ्यात राधानगरी धरण भरत आले की कोल्हापूरकर एकमेकांना एकच गोष्ट विचारतात : दारे उघडली का? भोगावती नदीवरच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचले की पाण्याचा दाब आणि प्रतिवजन यांच्या तोलावर दार आपोआप उचलले जाते. पातळी उतरली की पुन्हा बसते. एका दारातून सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी सुटते. दार उघडायला वीज लागत नाही की कोणाचा हुकूम लागत नाही. शाहू महाराजांनी आरंभलेल्या या धरणाची ही दारे आजही बातमीचा विषय असतात, ती यामुळेच.

दार कोणाला विचारत नसले, तरी ते उघडल्याचे खालच्या गावांना कळावे लागते. भोगावतीचे पाणी पुढे पंचगंगेत येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी मानतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्याही वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. रस्ता, वीज आणि फोन यांची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच पूर तिन्हींवर घाला घालतो. अशा वेळी निरोप भरवशाने कसा पोचवायचा?

आज याचे तांत्रिक उत्तर म्हणजे अनेक जोडण्यांचा राउटर. ब्रॉडबँडची तार, दोन मोबाईल कंपन्यांची सिमकार्डे आणि उपग्रहाची तबकडी अशा तीन-चार वाटा एकाच पेटीत येतात. एक बंद पडली की पेटी दुसरी धरते. घर असो, कचेरी असो की समुद्रातली बोट, तत्त्व तेच. पेटी नवी आहे. तिच्यामागची कल्पना मात्र दीडशे वर्षांची आहे, आणि तिच्या इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रातून जातो.

१८६५ च्या सुमारास हिंदुस्थान आणि इंग्लंड तारेने जोडले गेले. ही वाट कराचीहून इराणच्या आखातातल्या समुद्रतारेने फाओला आणि तिथून तुर्की मुलखातून युरोपात जाई. वाटेत संदेश चुकत, रखडत. १८७० साली दोन नव्या वाटा खुल्या झाल्या. एक सीमेन्स बंधूंची, तेहरानवरून रशियामार्गे जाणारी खुष्कीची. दुसरी 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजाने आणलेली, मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्रातळाची. मुंबईच्या व्यापाऱ्याला आता तार कोणत्या मार्गाने पाठवायची हे निवडता येऊ लागले. संदेशावर मार्गाचे नावही घालता येई. इराणात खांब पडले तर समुद्र होता, समुद्रतार तुटली तर खुष्की होती. आजचा राउटर जे क्षणात ठरवतो, ते तेव्हा तारबाबू ठरवत असे.

दोन वाटांची कसोटी १९१४ साली लागली. त्या सप्टेंबरात मद्रासच्या तेलटाक्यांवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका 'एम्डेन' ९ नोव्हेंबरला कोकोस बेटांपाशी आली. तिथल्या छोट्या बेटावर मॉरिशस, बटाविया आणि ऑस्ट्रेलियाकडे जाणाऱ्या समुद्रतारांचे ठाणे होते, आणि शेजारी बिनतारी यंत्रही होते. जर्मन सैनिकांनी किनाऱ्यावर उतरून बिनतारी डोलकाठी पाडली, यंत्रे फोडली, तार कापली. पण त्याआधीच ठाण्यातल्या माणसांनी मदतीची हाक बाहेर पाठवली होती. बिनतारी हाक जवळून चाललेल्या ऑस्ट्रेलियन ताफ्याने ऐकली. त्यातली 'सिडनी' ही नौका धावून आली आणि 'एम्डेन' संपली. ठाणेही लवकरच पुन्हा बोलू लागले, कारण जादा यंत्रे आधीच दडवून ठेवलेली होती. समुद्रतळाची तार आणि हवेतली लहर एकाच घावाने एकाच क्षणी तुटत नाहीत, हे त्या दिवशी दिसले.

पुढचा अंक आपल्या पुण्याजवळचा. १९२७ साली मार्कोनींच्या पद्धतीची 'बीम' बिनतारी सेवा इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून होई, ग्रहण दौंडला. लघुलहरींचा झोत थेट इंग्लंडच्या दिशेने सोडायचा, हे तिचे तंत्र. ती समुद्रतारेपेक्षा इतकी स्वस्त पडली की साम्राज्यभर तार कंपन्यांचा धंदा धोक्यात आला. मग तारा मोडीत काढायच्या का? १९२८ च्या साम्राज्य परिषदेत या प्रश्नाचा खल झाला आणि निष्कर्ष निघाला की दोन्ही जिवंत ठेवाव्यात. लघुलहरी वातावरणाच्या लहरीवर असतात, आणि त्या कोणालाही ऐकता येतात. तार महाग, पण गुप्त. १९२९ साली दोन्ही सेवा एका कंपनीखाली आल्या. नवी वाट स्वस्त मिळाली म्हणून जुनी बुजवायची नाही, हा तो निर्णय होता. पुढे १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि तिसरी वाट आली.

वाटांची संख्या वाढली म्हणजे भरवसा वाढतोच, असे मात्र नाही. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्रतारा तुटल्या आणि भारतातले इंटरनेट रखडले. दोन तारांची नावे वेगळी, मालक वेगळे. पण दोन्ही भूमध्य समुद्राच्या एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून जात होत्या. कागदावर दोन वाटा होत्या, जमिनीवर एकच. वाहतूक पूर्वेकडून फिरवावी लागली.

राधानगरीत राउटर बसवणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी. दोन कंपन्यांची सिमकार्डे घेतली आणि दोघींचे यंत्र एकाच मनोऱ्यावर, एकाच जनित्रावर, एकाच जमिनीखालच्या तारेवर चालत असेल, तर ती दोन नावे आहेत, दोन वाटा नव्हेत. दाजीपूरच्या डोंगरझाडीत तर मनोऱ्याचीच साथ कमी. म्हणून मनोरे कुठे आहेत ते आधी पाहावे, आणि निदान एक वाट जमिनीवर अजिबात न टेकणारी, म्हणजे उपग्रहाची ठेवावी. वाटांचा क्रम लावावा : आधी ब्रॉडबँड, मग मोबाईल, शेवटी उपग्रह, महागड्या वाटेवर फक्त निरोप जावेत, चित्रपट नव्हेत. तार जोडलेली आहे एवढ्यावर राउटरने समाधान मानू नये. दूरचा पत्ता खरोखर उत्तर देतो का, हे त्याने दर थोड्या वेळाने तपासावे. पहिली वाट परत आली की लगेच तिच्याकडे उडी न मारता ती टिकते का ते पाहावे. आणि पेटीला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर चारही वाटा विजेबरोबर जातात.

बोटीवर हाच क्रम फिरतो. किनाऱ्यापासून काही मैलांपर्यंत मोबाईल चालतो, पुढे उपग्रहच. लोखंडी केबिन लहरी अडवते, म्हणून अँटेना बाहेर उंचावर, खाऱ्या पाण्यापासून जपून. धक्क्याला लागताच राउटरने पुन्हा किनाऱ्याची स्वस्त वाट धरायची. १८७० मध्ये खुष्की आणि समुद्र या दोन वेगळ्या तारा होत्या; आज दोन्ही एका पेटीत बसतात.

आणि तरीही शेवटची वाट माणसाची राहते. पेटी निरोप ग्रामपंचायतीपर्यंत आणील. तिथून पुढे भोंगा, दवंडी, दारावरची थाप. धरणाचे दार पाण्याचे वजन ओळखून उघडते. निरोपाचे दार उघडते राहण्यासाठी मात्र कोणीतरी पाऊस सुरू होण्याआधी एकेक तार मुद्दाम काढून, दुसरी वाट खरोखर चालते का, हे पाहिलेले असावे लागते.