तारखेची रेघ: चिंचणी-तारापूर परिसरातील निवृत्तिवेतनाचा इतिहास

डहाणू तालुक्यातील चिंचणी आणि खाडीपलीकडचे पालघर तालुक्यातील तारापूर ही गावे बोलताना एका दमात उच्चारली जात असली, तरी सरकारी कागदावर ती दोन तालुक्यांत मोडतात. चाकरी करून थकलेल्याला, चाकरीत अपंग झालेल्याला आणि चाकरीत मेलेल्याच्या मागे उरलेल्यांना राज्यसत्तेने काय द्यावे, या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरे या चिंचोळ्या किनारपट्टीवर एकामागून एक येऊन गेलेली आहेत. त्या उत्तरांचा क्रम लावला तर असे दिसते की जे आधी धन्याच्या मर्जीवर अवलंबून होते ते पुढे नियमावर अवलंबून राहू लागले. मात्र नियम आला तो बहुधा एक तारीख बरोबर घेऊन, आणि त्या तारखेच्या अलीकडचे व पलीकडचे असे माणसांचे दोन वर्ग पाडून.

चिंचणी इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे ती तेथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. त्यांतील शके 848 च्या, म्हणजे इ. स. 926 च्या, राष्ट्रकूटकालीन पटात संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याच्या काळात एका मठाच्या खर्चासाठी गाव व जमीन तोडून दिल्याची नोंद आहे. हे दान धार्मिक असल्यामुळे त्याला निवृत्तिवेतनाचा पूर्वज म्हणणे ओढूनताणून होईल. तथापि कायमच्या उत्पन्नाची सोय रोख रकमेने न करता गावाच्या वसुलीने करायची, ही पद्धत पुढे आठ-नऊशे वर्षे टिकली आणि चाकरीचा मोबदलाही त्याच साच्यात पडत राहिला. पोर्तुगीजांनी आपल्या उत्तर प्रांतातील गावे अनेकदा तीन पिढ्यांच्या, म्हणजे तीन हयातींच्या, बोलीवर लावून दिली, आणि राज्याच्या कामी आलेल्यांच्या विधवा व मुली यांच्या पदरातही अशी गावे पडत.

मराठ्यांच्या कारभारात यासाठी स्वतंत्र शब्दच होता. लढाईत पडलेल्या किंवा सरकारी कामावर मेलेल्या माणसाच्या बायकोमुलांना जी नेमणूक मिळे तिला बालपरवेशी किंवा बालपरवरशी म्हणत. परवरिश म्हणजे पालनपोषण या फारसी शब्दावरून तो आला. चिमाजीआप्पांच्या वसईच्या मोहिमेत जानेवारी 1739 मध्ये तारापूरचा कोट पडला, तेव्हा मोहिमेतील नामवंत सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले आणि पेशव्यांच्या घरातून त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाचे पत्र गेले. त्या पत्राची आठवण इतिहासात राहिली, ती रास्तही आहे. परंतु सांत्वन आणि परवरिश या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नेमणूक किती, ती कोणत्या महालावर आणि किती काळ, हे धन्याने ठरवायचे असे. त्यात पुष्कळदा उदारपणा असे, पण एकाला मिळाले म्हणून तसल्याच दुसऱ्याने मागावे, असा आधार त्यात नव्हता.

इंग्रजी अमलाने या मर्जीला कागदात बांधले, पण हक्काचे रूप दिले नाही. 1852 च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनच्या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले आणि जुन्या सनदा तपासल्या जाऊ लागल्या. पुढे निवृत्तिवेतन अधिनियम, 1871 आला. आजवर पुस्तकात असलेल्या या कायद्याचे दोन कलमांतले दोन चेहरे लक्षात घेण्यासारखे आहेत: 4 थ्या कलमाने अशा नेमणुकींबद्दल दिवाणी दावा लावण्याची वाट अडवली, तर 11 व्या कलमाने सावकाराला निवृत्तिवेतनावर जप्ती आणता येणार नाही असे ठरवले. सावकारापासून संरक्षण द्यायचे, पण सरकारपासून नाही, असा हा एकूण बेत होता.

नोकरशाही वाढली तसे निवृत्तिवेतनाचे प्रकार ठरत गेले आणि ते महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 मध्येही आढळतात. ठरलेले वय पूर्ण झाल्यावर मिळते ते नियत वयोमान निवृत्तिवेतन. त्याआधी पुरेशी सेवा करून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्याचे ते पूर्णसेवा निवृत्तिवेतन. पदच रद्द झाले तर भरपाई निवृत्तिवेतन. आणि शरीराने किंवा मनाने कामास कायमचा असमर्थ झाल्याचा वैद्यकीय दाखला मिळाला तर रुग्णता निवृत्तिवेतन. या सर्वांचा पाया असतो अर्हताकारी सेवा, म्हणजे हिशेबात धरली जाणारी सेवा: ती दहा वर्षांपेक्षा कमी भरली तर मासिक रक्कम न मिळता केवळ एकरकमी उपदानावर भागवावे लागते. निवृत्तिवेतनाचा काही हिस्सा आधीच एकरकमी उचलण्याला अंशराशीकरण म्हणतात, आणि तो कापलेला हिस्सा पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. हे शब्द जड आहेत खरे, पण कचेरीच्या दाराशी ते सगळे मिळून ‘पेन्शन’ होतात.

या नियमांची तारखेशी असलेली गाठ चिंचणीच्या आसपास कोठेही सोडवून पाहता येते. बोईसर आणि वाणगाव ही स्थानके ज्या मार्गावर आहेत तो बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा मार्ग 1951 मध्ये पश्चिम रेल्वेत आला, आणि रेल्वेत निवृत्तिवेतन आले 1957 मध्ये. तोपर्यंत नोकरीअखेर हाती पडे तो भविष्य निर्वाह निधी. 16 नोव्हेंबर 1957 पासून लागणाऱ्यांना निवृत्तिवेतन आपोआप लागू झाले, तर आधीच्यांना विकल्प देण्यात आला. ज्यांनी एकगठ्ठा रकमेचा मोह धरून निधीच पसंत केला, त्यांची पुढे महागाईने चांगलीच कोंडी केली. शिक्षकांचेही तसेच घडले. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजींना निवृत्तिवेतन होते, पण गावोगावच्या शिक्षणसंस्थांनी चालवलेल्या अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना ते 1 एप्रिल 1966 पासून आणि अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकांना 1 ऑक्टोबर 1982 पासून मिळाले. चिंचणीत हायस्कूल आहे, पी. एल. श्रॉफ महाविद्यालय आहे. अशा गावात एकाच पंगतीला बसणाऱ्या तीन अध्यापकांचे म्हातारपण तीन तारखांनी ठरवलेले असू शकते.

मागे राहिलेल्यांच्या वाट्याला नियम सर्वांत उशिरा आला. केंद्राची कुटुंब निवृत्तिवेतन योजना 1 जानेवारी 1964 पासून लागू झाली, आणि तिच्यासाठी कर्मचाऱ्याला आपल्या उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाएवढी रक्कम सोडावी लागे. ही अट 1977 मध्ये गेली. 1964 पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या विधवा रेघेपलीकडेच राहिल्या. त्यांच्यासाठी दार उघडले ते 1985 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पूनमल प्रकरणातील निकालाने. त्याआधी 17 डिसेंबर 1982 रोजी डी. एस. नाकारा प्रकरणात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि केवळ निवृत्तीच्या तारखेवरून एकाच वर्गातील माणसांत भेद करता येणार नाही, असे सांगितले होते. 17 डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. 1871 च्या कायद्याने बंद केलेले दार एकशे अकरा वर्षांनी असे किलकिले झाले. पुरते उघडले असे म्हणवत नाही, कारण तारखा त्यानंतरही पडतच राहिल्या.

निवृत्तिवेतनाचे कागद जवळून पाहिले तर त्यांत माणसाची एक विलक्षण जपणूक दिसते. पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र, नमुना सह्या किंवा अंगठ्याचे ठसे, उंची, आणि ओळखीच्या खुणा, म्हणजे भुवईवरचा तीळ किंवा मनगटावरचा जुना व्रण, इतके सगळे त्यात भरावे लागते. महालेखाकारांकडून निघणाऱ्या प्रदान आदेशाच्या दोन प्रती असतात, एक कोषागाराकडे आणि एक धारकाकडे. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो तो त्या दोन्ही प्रतींतला माणूस एकच आणि अजून जिवंत आहे, हे पटवण्यासाठी. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत ठाणे हेच या भागाचे जिल्ह्याचे ठिकाण होते, आणि जिल्हा पातळीवरच्या कागदांसाठी तिकडेच पाहावे लागे. आणखी एक अडचण या भागाची खास आहे. वारली समाजात खर्चाअभावी लग्नविधी पुढे ढकलून जोडप्याने संसार मांडण्याची जुनी चाल आहे; समाजाला ती मान्य असते, पण कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जातील ‘कायदेशीर विवाहित पत्नी’ हा रकाना तिला ओळखत नाही.

सरकारी नोकरीबाहेरच्या निवृत्तिवेतनाची एक कहाणी पालघरची आहे. 14 ऑगस्ट 1942 रोजी तेथे गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. स्वातंत्र्यसैनिकांसाठी केंद्राची निवृत्तिवेतन योजना आली 15 ऑगस्ट 1972 रोजी, म्हणजे बरोबर तीस वर्षे आणि एका दिवसाने. तिच्यात हुतात्म्यांची कुटुंबे आणि गोळीने वा लाठीने कायमचे अपंगत्व आलेले यांची सोय होती. सुरुवातीस तिला वार्षिक 5,000 रुपयांच्या उत्पन्नाची मर्यादा होती. 1 ऑगस्ट 1980 पासून ती उठली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला. दारिद्र्य पाहून द्यायची मदत आणि कर्तृत्व पाहून द्यायचा मान यांतला फरक सरकारला उमगायला आठ वर्षे लागली.

1969 मध्ये तारापूरचा अणुवीज प्रकल्प सुरू झाला आणि पाठोपाठ बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा परिसरात एका घरात दोन कायदे नांदू लागले. अणुऊर्जा खात्याचा नोकर केंद्रीय नियमांखाली होता, तर 1987 मध्ये प्रकल्प सरकारी अणुवीज महामंडळाकडे गेल्यावर सरकारी नोकर कोणास म्हणावे हाच प्रश्न उभा राहिला. कारखान्यातील कामगारासाठी 1971 ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना होती, जिच्यात मासिक वेतन मिळे ते नोकरीत मेलेल्याच्या घरच्यांना. नोकरी पुरी करून जिवंत घरी आलेल्याच्या हाती मासिक काही नव्हते. ही उणीव 16 नोव्हेंबर 1995 च्या योजनेने भरून काढली, आणि 2014 मध्ये तिची किमान रक्कम महिना 1,000 रुपये ठरली. या आकड्यावर अधिक भाष्य नको. यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विम्यातून अपंगत्वाचा लाभ आहे; मात्र घरात बसून दागिन्यांचे डाय कोरणारा चिंचणीचा कारागीर आणि होडीवरचा मच्छीमार यांच्यासाठी यांपैकी काहीच नाही, त्यांना उतारवयात निराधारांच्या योजनांकडे पाहावे लागते.

राज्य सरकारी नोकरांसाठी शेवटची मोठी रेघ 1 नोव्हेंबर 2005 ला पडली. त्या दिवसापासून लागलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना, म्हणजे देणे नव्हे तर भरणे निश्चित असलेली योजना, लागू झाली. ऑक्टोबरात रुजू झालेला आणि नोव्हेंबरात रुजू झालेला असे दोन शिक्षक एकाच शाळेत, एकाच वेतनश्रेणीत काम करू लागले. आणि त्यांतला दुसरा नोकरीत दगावला, तर त्याच्या घरच्यांना जुन्या नियमांतले कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तो मिटल्यानंतर 31 मार्चच्या शासन निर्णयाने नव्या योजनेतील मृत कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि सेवेत असमर्थ ठरलेल्यांना रुग्णता निवृत्तिवेतन देऊ केले. धडधाकट निवृत्त होणाऱ्यांचा वाद मात्र त्यानंतरही चालू राहिला.