काशीच्या आकाशातील गिधाडे

फाल्गुन सरून ऊन तापू लागले, की गंगेच्या मैदानातील शिकारी पक्ष्यांचा मुक्काम हलतो. हिवाळ्यात हिमालयातून उतरलेली गिधाडे तापलेल्या हवेच्या प्रवाहावर घिरट्या घेत उंच चढतात आणि उत्तरेची वाट धरतात. अशा पाहुण्यांची काशीला जुनी ओळख आहे. पाली जातककथांत ‘गिज्झजातक’ नावाची एक कथा आहे. वादळाने गारठलेली गृध्रपर्वतावरची गिधाडे वाराणसीच्या तटाशी येऊन बसतात. स्नानाला निघालेला एक श्रेष्ठी त्यांना कोरड्या जागी नेतो, शेकोटी पेटवतो आणि मेलेल्या गुरांचे मांस आणवून त्यांना जगवतो. वादळ शमताच ती डोंगराकडे परततात.

कथेतील हेच अन्न विसाव्या शतकाच्या अखेरीस विष ठरले. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसात उरते आणि ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. भारतात कायम वास्तव्य असणारी पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारात सुमारे एक एवढीच उरली. २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

शंभर योजनांवरचे प्रेत दिसणाऱ्याला जवळचा फास कसा दिसला नाही, असे कथेतील राजा पकडलेल्या गिधाडाला विचारतो. औषधाचा फास कोणत्याही गिधाडाला दिसणारा नव्हता. तो ओळखणे आणि सोडवणे माणसाच्याच हाती होते. श्रेष्ठीचे ते काम अजून पुरे झालेले नाही.