घरातील सचित्र ज्ञानग्रंथ : इतिहासाचे साधन म्हणून त्यांचे वाचन

इतिहासाचे साधन म्हटले की ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. घरातल्या कपाटातला जुना ज्ञानकोश, नकाशांचे पुस्तक किंवा सामान्यज्ञानाचा सचित्र ग्रंथ सहसा आठवत नाही. त्यातले आपण एखादे उत्तर शोधतो आणि पुस्तक मिटतो. हा ग्रंथ कोणी, कोणासाठी आणि कोणत्या वर्षी रचला, असे विचारले की तोच ग्रंथ इतिहासाचे साधन बनतो. तो कसा वाचावा, हे या पाठात पाहू.

१. ज्ञानग्रंथ घरापर्यंत कसे आले?

चित्रांच्या साहाय्याने जगाची ओळख करून देणारे कोमेनियसचे पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे निघाले. मुलांच्या सचित्र पुस्तकांच्या इतिहासाची सुरुवात बहुधा तेथून सांगितली जाते. लंडनमध्ये आर्थर मी यांचा मुलांचा ज्ञानकोश १९०८ ते १९१० या काळात पाक्षिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाला. मोठा ग्रंथ एकदम विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या घरातही तो हप्त्याहप्त्याने पोहोचू शकला. त्यात ब्रिटिश साम्राज्याकडे अभिमानाने पाहिलेले आहे. याचा अर्थ, मुलांना माहितीबरोबर एक दृष्टीही मिळत होती.

मराठीत ही वाट आधीच सुरू झाली होती. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान अशा विषयांवरील लेखांबरोबर त्यात नकाशे आणि आकृत्याही असत. इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला नवे ज्ञान मिळावे, ही त्यामागची गरज होती.

२. केतकरांचा ज्ञानकोश : कोठून पाहायचे?

महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे कर्ते श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ मध्ये रायपूर येथे झाला. आजच्या भिलाईपासून रायपूर सुमारे ३० किलोमीटरवर आहे. मराठीतील पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाचा कर्ता आजच्या महाराष्ट्राबाहेर जन्मला, हे ध्यानात ठेवा. त्या वेळी रायपूर, दुर्ग आणि नागपूर हे सारे एकाच मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून परतल्यावर केतकरांनी नागपुरात ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी उभी केली. पुढे काम पुण्याला हलले. १९२० नंतरच्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. सरकार किंवा संस्थानिक यांच्या एकट्याच्या आधारावर हे काम चालले नाही. भागधारक आणि वर्गणीदार मिळवावे लागले. म्हणजेच मराठी घर हेच या ग्रंथाचे गिऱ्हाईक होते. या खटपटीची हकीकत केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

केतकरांनी अकारविल्हे नोंदींच्या आधी पाच प्रस्तावना खंड घातले. त्यांपैकी पहिल्याचे नाव ‘हिंदुस्थान आणि जग’. इंग्रजी कोशात जगाच्या मध्यभागी युरोप होता आणि हिंदुस्थान कडेला. केतकरांनी पाहण्याची जागा बदलली. कोश भाषांतरित केला की माहिती मिळते. पण पाहण्याची जागा आपली हवी असेल तर कोश नव्याने रचावा लागतो.

३. एकाच कोशात अनेक काळ

स्वातंत्र्यानंतर महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा ‘भारतीय संस्कृतिकोश’ सिद्ध केला. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे शासनाच्या आधाराने झाले. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यात मजकुराबरोबर आकृत्या आहेत आणि स्वतंत्र चित्रपत्रेही आहेत.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. खंड अकारविल्हे निघाले, त्यामुळे ‘अ’ची नोंद आणि ‘ज्ञ’ची नोंद यांच्यात जवळजवळ ४० वर्षांचे अंतर पडले. ‘छ’ या अक्षराचा खंड निघाला तेव्हा छत्तीसगढ राज्य अस्तित्वातच नव्हते. ‘ज्ञ’ येईपर्यंत ते होऊन बरीच वर्षे झाली होती. नोंद चुकीची नसते, ती आपल्या काळाची असते.

४. तारीख ओळखण्याची रीत

समजा, तुम्ही भिलाईच्या नेहरू नगरात राहता आणि घरात मुखपृष्ठ फाटलेले सचित्र भूगोलाचे पुस्तक आहे. छापल्याचे वर्ष सापडत नाही. अशा वेळी आपलाच परिसर नकाशात शोधा.

• दुर्ग ज्या प्रांतात किंवा राज्यात आहे त्याची राजधानी नागपूर दाखवली असेल, तर मजकूर १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा.
• भिलाईचा पोलाद कारखाना चालू असल्याचे लिहिले असेल, तर मजकूर १९५९ किंवा त्यानंतरचा. सोव्हिएत संघाशी करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली.
• राजनांदगाव वेगळा जिल्हा असेल, तर मजकूर १९७३ किंवा त्यानंतरचा. मात्र सावध राहा. १९४८ पूर्वीच्या नकाशातही नांदगाव वेगळे दिसते, पण ते संस्थान म्हणून.
• छत्तीसगढ राज्य असेल, तर १ नोव्हेंबर २००० नंतरचा.
• बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे दुर्गपासून वेगळे दाखवले असतील, तर २०१२ किंवा त्यानंतरचा.

या रीतीने ठरते ते मजकुराचे किंवा नकाशाचे वय, पुस्तकाचे नव्हे. नव्या आवृत्तीत मजकूर सुधारला जातो, पण नकाशे आणि चित्रे तयार करणे खर्चाचे असल्याने जुने ठसे पुन्हा वापरले जातात. म्हणून मजकूर, नकाशा आणि छायाचित्र यांच्या तारखा वेगवेगळ्या काढाव्यात. त्यांचा मेळ बसला नाही, तर ते पुस्तक कसे तयार झाले याचाच पुरावा तुमच्या हाती लागला आहे.

याचे महत्त्व परीक्षेपुरते नाही. ज्या घरात एकच संदर्भग्रंथ असतो, तेथे त्यातला नकाशा हाच देश आणि त्यातले चित्र हीच एखाद्या समाजाची ओळख ठरते. कोणाचे चित्र दरबारात काढले, कोणाचे शेतात, आणि कोणाचे काढलेच नाही, हे पाहिल्याशिवाय त्या काळाचा विचार कळत नाही.

सारांश

घरगुती ज्ञानग्रंथ विश्वासाने वापरावा आणि चिकित्सेने वाचावा. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हे दोन्ही आज महाजालावर वाचता येतात. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या विद्यार्थ्यालाही हा अभ्यास घरबसल्या करता येईल.

स्वाध्याय

१. तुमच्या जिल्ह्याची नोंद दोन वेगवेगळ्या काळांतील कोशांत वाचा. काय वाढले, काय गळाले, ते लिहा.
२. वर्गणीवर चालणारा कोश आणि शासनाचा कोश यांच्या वाचकांत कोणता फरक संभवतो? चर्चा करा.
३. घरातील एका सचित्र ग्रंथातील कोणतीही दहा चित्रे निवडून त्यांत कोण दिसते आणि कोण दिसत नाही, याची यादी करा.