मर्नाँग

मर्नाँग हा शब्द मला पहिल्यांदा आवडला तो त्याच्या नादामुळे. कवीला ही खोड असतेच, आधी नाद, मग अर्थ. अर्थ कळल्यावर मात्र नाद बाजूला राहिला.

मर्नाँग हे आग्नेय ऑस्ट्रेलियातलं, विशेषतः व्हिक्टोरियातलं रानफूल. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं, पिवळंधमक. आपल्या बांधावरच्या पाथरीची आठवण व्हावी असं. याची कळी मान खाली घालून असते आणि उमलताना ती वर करते. पण खरी दौलत जमिनीखाली. तिथे असतो एक छोटा रसाळ कंद. मूलनिवासींचं हे रोजचं अन्न होतं. बायका टोकदार काठ्यांनी कंद खणत, टोपल्या भरून आणत आणि जमिनीतल्या भट्टीत भाजत. भाजताना गोड रस सुटे. विल्यम बकली नावाचा कैदी 1803 साली पळाला आणि 32 वर्षं या लोकांत राहिला, तोही अशाच कंदमुळांवर जगला.

या खणण्यानं माती भुसभुशीत होई, मागे राहिलेल्या कंदांना जागा मिळे. वाळलं गवत जाळलं की ऊन पोचे. नांगर नव्हता म्हणून ही मशागत नव्हती, हे मला पटत नाही.

1835 च्या मेअखेरीस टास्मानियाहून जॉन बॅटमन आला. मूलनिवासींशी त्यानं करार केला, त्यात जवळपास सहा लाख एकर जमीन आली. मोबदला काय, तर ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, आणि वर्षाला पाच टन पीठ! ज्यांच्या पायाखाली अन्न होतं त्यांना पीठ. ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क यांनी करार रद्द केला, पण जमीन मूळ मालकांची म्हणून नव्हे. ती ब्रिटिश राजाची म्हणून.

मग मेंढ्या आल्या, काही वर्षांत लाखोंनी. खूर असलेलं जनावर त्या मातीनं पूर्वी पाहिलंच नव्हतं. ती तुडवली गेली, घट्ट झाली. पानं गेलीच, मेंढ्या नाकानं उकरून कंदही खायला शिकल्या, असं मेंढपाळीचा मालक एडवर्ड कर यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. 1839 मध्येच मूलनिवासी सरकारी अधिकाऱ्यांना सांगत होते की मर्नाँग संपलं. भुकेल्या माणसानं मेंढी मारली की ती चोरी ठरे, आणि उत्तर बंदुकीनं मिळे. लोकरीच्या भरभराटीचे आकडे सांगताना ही बाजू फार उशिरा बोलली गेली.

मोनॅश विद्यापीठातल्या बेथ गॉट यांनी 1980 च्या दशकात जुन्या नोंदी चाळून मर्नाँगचा इतिहास मांडला. फूल पुरतं मेलं नव्हतं. जिथे मेंढी पोचली नाही अशा रेल्वेरुळांच्या कडेला, जुन्या दफनभूमींत ते तग धरून होतं. आता मूलनिवासी समाजातले काही जण ते पुन्हा लावतात. मेलबर्नच्या पश्चिमेला मर्निआँग नावाचं गाव आहे. या कंदावरूनच ते नाव पडलं, असं मानतात.